अठ्ठ्याऐंशी नंबरची काच

१

सोमवारी सकाळी ट्रे उघडला तेव्हा सत्त्याऐंशीनंतर एकदम एकोणनव्वद होता. मधली खाच रिकामी.

विभागप्रमुखांनी ट्रे खिडकीपाशी नेला आणि एकेक काच उचलून पाहिली. एकशे साठ असायला हव्या होत्या, एकशे एकोणसाठ भरल्या. कपाटाचं कुलूप शाबूत होतं, दाराचंही. शनिवारी सकाळी सगळं जागच्या जागी होतं, असं किल्ल्या बाळगणाऱ्या तिघांनी वेगवेगळं विचारूनही सांगितलं.

त्या काचांवर फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या एकशे साठ माणसांच्या गाठींचे काप होते, केसाहूनही पातळ. आपल्या पेशींमध्ये काही प्रथिनं अशी असतात, की जी पेशीला भलतंसलतं वाढू देत नाहीत. ती ज्यांच्या गाठीत टिकून आहेत ती माणसं जास्त जगतात का, आणि ज्यांच्या गाठीतून नाहीशी झाली ती लवकर जातात का, हे त्या प्रयोगशाळेत चार वर्षं तपासलं जात होतं. उत्तर अजून पक्कं नव्हतं. म्हणूनच नियम कडक होता. काचेवर नाव नाही, फक्त नंबर. आणि निकाल रुग्णाला सांगायचा नाही.

"पोलिसांना कळवायचं?" कोणीतरी विचारलं.

"काय सांगणार? बोटाएवढी काच हरवली म्हणून?" प्रमुख म्हणाले. "काचबाईंना बोलवा."

काचबाई सहा वर्षांपूर्वी याच विभागातून निवृत्त झाल्या होत्या. चौतीस वर्षं त्यांनी काचांवरच्या पेशी वाचल्या होत्या. टोपणनाव विद्यार्थ्यांनी पाठीमागे ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. अकराच्या सुमारास त्या आल्या, सगळं ऐकून घेतलं, आणि एवढंच विचारलं, "अठ्ठ्याऐंशीबद्दल वहीत काय लिहिलंय?"

प्रमुखांनी वही उघडली. "आरबी प्रथिन: नाही."

"आणि ही कोणाची?"

"नावं फक्त आकडेमास्तरांकडे. मलाही माहीत नाही."

"तुम्हाला नसेल," बाई म्हणाल्या. "पण कोणाला तरी माहीत होतं. नाहीतर एकशे साठातली नेमकी हीच का जाईल?"

२

बाईंनी वाचनाच्या खोलीत, खिडकीजवळच्या जुन्या मायक्रोस्कोपपुढे बैठक मारली. हातात काच असली की त्यांचं डोकं चालायचं. उरलेल्या काचा एकीकडे पाहत त्यांनी किल्ल्या बाळगणाऱ्या तिघांना एकेक करून बोलावलं.

आकडेमास्तर आधी आले. सगळ्या अभ्यासाचं गणित त्यांच्याकडे. नंबर कोणाचा हे सांगणारी वही त्यांच्या कुलूपबंद खणात, आणि खणाची किल्ली गळ्यात.

"आंघोळीलाही काढत नाही," ते म्हणाले. "बायको म्हणते, माझ्यापेक्षा तिच्याशीच जास्त संसार करता."

"अठ्ठ्याऐंशीत आरबी नव्हतं. तुमच्यासाठी त्याचा अर्थ काय?"

"शून्य. असलं तर एक, नसलं तर शून्य. शेजारी माणूस किती महिने जगला तो आकडा."

"हा माणूस किती महिने जगला?"

मास्तर घुटमळले. "जिवंत आहे. यापुढे विचारू नका. प्रमुखांच्या लेखी हुकुमाशिवाय मी नाव सांगणार नाही."

मग रंगताई आली. तिशी ओलांडलेली, कामाला वाघ. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या गाठीचे काप काढायचे, काचेवर चढवायचे, त्यावर प्रथिनाला जाऊन चिकटणाऱ्या अँटीबॉडीचे थेंब टाकायचे आणि रंग फुलवायचा, हे सगळं तिच्या हातचं. प्रथिन असेल तिथे पेशी तपकिरी होते, नसेल तिथे निळी राहते.

"कंटाळा नाही येत गं?" बाईंनी सहज विचारलं.

"नाही हो बाई. मी आपली मनात गोष्ट रचते. आरबी म्हणजे पेशीचा राखणदार. तो दारात बसलेला असला की पेशी मर्यादेत राहते. तपकिरी दिसला की वाटतं, चला, इथे आहे बाबा." बोलताना ती जरा खुलली, आणि लगेच मिटली.

"अठ्ठ्याऐंशी नंबर कोणाचा आहे, ठाऊक आहे तुला?"

"नाही." उत्तर फारच चटकन आलं.

शेवटी तरुण डॉक्टर आला. सगळ्या काचा वाचून वहीत 'आहे', 'नाही' लिहिणारा हाच. आल्या आल्या त्याने स्वतःच विषय काढला.

"आजपासून दुसरे डॉक्टर माझ्या काचा पुन्हा तपासणार होते. म्हणजे चुकलेली काच मीच गायब केली, असंच सगळ्यांना वाटतंय ना?"

"चुकली होती का?"

"दिवसाला चाळीस काचा पाहत होतो, बाई. आरबी हा पेशीचा ब्रेक. अठ्ठ्याऐंशीत ब्रेक दिसला नाही. 'नाही' लिहिलं, पुढची घेतली. चोरायचीच असती तर एकच कशाला चोरीन?" त्याने मायक्रोस्कोपकडे बोट केलं. "पण तुम्ही या मायक्रोस्कोपवर का बसलात? याचा काच ठेवायचा मंच तीन महिन्यांपासून डुगडुगतोय. काच सरकते. मी खाली कागदाची घडी घालून कसंबसं भागवतो."

बाईंनी मंचावरची काच बोटाने ढकलून पाहिली. मंच तसूभरही हलला नाही. कागदाची घडी बाजूला टेबलावर नीट ठेवलेली होती.

३

मंचाखालच्या स्क्रूच्या खाचेत नवा, चकचकीत ओरखडा होता.

"हा कोणी आवळला?"

तरुण डॉक्टरने हात वर केले. "आम्ही कोणी नाही. याला हात लावायची आमची हिंमत नाही. ही कामं भिंगकाकांची."

भिंगकाकांना कोण ओळखत नव्हतं! तीस वर्षं इथले मायक्रोस्कोप, काप काढायची यंत्रं, गजर लावायची घड्याळं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. पण तीन महिन्यांपूर्वी त्यांच्याच फुप्फुसात गाठ निघाली. याच इमारतीत शस्त्रक्रिया झाली आणि खालच्या मजल्यावर औषधाचे डोस सुरू झाले.

"आपली गाठ अभ्यासाला वापरा, अशी सही त्यांनी केली होती का?" बाईंनी विचारलं.

"कागद पुढे करताच," दारातून प्रमुख म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "बाई, तुम्ही विचारताय म्हणून आठवलं. शनिवारी काकांचा दुसरा डोस होता. ते आले, वॉर्डात चिठ्ठी ठेवली आणि डोस न घेताच निघून गेले. सिस्टर म्हणाल्या, आता उपचार नकोच म्हणतात."

चिठ्ठी मागवली. कागदावर काकांचं रेखीव अक्षर होतं: 'ज्याच्या घरचा राखणदारच उठून गेला, त्याच्या दाराला रोज नवं कुलूप कशाला लावता? तुम्हा सर्वांचे उपकार आहेत. पुढचे डोस मला नकोत.'

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि एका शब्दावर बोट ठेवून क्षणभर डोळे मिटले.

"दरवानाच्या नोंदीत शनिवारी बाहेरचं कोणी आत आलेलं नाही," प्रमुख म्हणाले.

"काकांना बाहेरचं कोण म्हणेल? कपाटाचं कुलूप त्यांनीच बसवलेलं. जास्तीची किल्ली कुठे टांगलेली असते हे तुमच्याआधी त्यांना ठाऊक." बाई उठल्या. "काच न्यायला आलेला माणूस जाता जाता स्क्रू आवळून गेला. असा चोर एकच आहे. डोस किती दिवस पुढे ढकलता येईल?"

"गुरुवारपर्यंत ठीक. त्यानंतर प्रत्येक दिवस अंगावर."

"मग पत्ता द्या."

४

दार काकूंनी उघडलं. अंगणात गाद्या-उश्या उन्हात पसरलेल्या, खिडक्यांचे पडदे धुवून टांगलेले.

"या, या बाई! ऐकलंत ना? डॉक्टरांनी सुट्टी दिली यांना. म्हणाले, बरे झालात, आता डोस नकोत." काकूंचा आनंद नुसता ओसंडत होता. "मी म्हटलं, आजारपण घराबाहेर काढू. सगळं धुऊनच टाकते."

"बरं केलंत," एवढंच बाई म्हणाल्या.

काका मागच्या खोलीत कामाच्या मेजापाशी बसले होते. खूप वाळले होते. बाईंना पाहून त्यांनी दार लोटून घेतलं आणि खणातून रुमालात गुंडाळलेली काच काढून समोर ठेवली. नाकारायचा प्रश्नच आला नाही.

"कसं कळलं?"

"स्क्रूवरून."

काका कसनुसं हसले. "काच लावून पाहिली तर मंच हलत होता. हात आपोआप गेला."

"कशासाठी नेलीत?"

"तीस वर्षं लोकांना दिसावं म्हणून भिंगं पुसली, बाई. स्वतःचं मरण एकदा डोळ्यांनी पाहावंसं वाटलं. तिथे पाच मिनिटं पाहिलं, मन भरेना. म्हणून घरी आणली. परत ठेवणार होतो."

"प्रथिन नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ते मी सांगणार नाही. आणि सांगणाऱ्याची चूक नाही. मीच खनपटीला बसलो होतो."

बाईंनी जास्त ताणलं नाही. त्यांनी काकांच्या मेजावरच्या मायक्रोस्कोपखाली काच ठेवली आणि वाकून पाहू लागल्या.

"मी काही डॉक्टर नाही," काका मागून म्हणाले. "पण निळं आणि तपकिरी कळतं मला. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. एकही तपकिरी ठिपका नाही."

बाई बराच वेळ काच सरकवत राहिल्या. पहिल्या टोकाला आल्या, पुन्हा दुसऱ्या टोकाला गेल्या.

"काका," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला होता. "खरंच एकही नाही."

५

"तेच तर म्हणतोय मी."

"नाही, नीट ऐका. या, तुम्हीच पाहा." बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं. "हा गोल दिसतोय? ही रक्तवाहिनी. हे बारीक ठिपके म्हणजे रक्तातून आलेल्या पांढऱ्या पेशी. या गाठीच्या पेशी नाहीत, तुमच्या चांगल्या पेशी आहेत. आरबी प्रथिन त्यांच्यात असतंच. माझ्यात आहे, काकूंत आहे. गाठीतून ते गेलं असलं तरी इथे तपकिरी दिसायलाच हवं. तेही निळं आहे."

काकांनी डोकं वर केलं नाही. "मग याचा अर्थ?"

"या काचेवर अँटीबॉडी पडलीच नाही. नुसता वरचा निळा रंग चढलाय. ही काच चांगलंही सांगत नाही आणि वाईटही. ही मुकी काच आहे, काका."

"म्हणजे माझा राखणदार आहे?"

"मला माहीत नाही. पुन्हा केल्याशिवाय कोणालाच कळणार नाही." बाईंनी काच काढून पुन्हा रुमालात ठेवली. "पण एका मुक्या काचेच्या बोलण्यावरून तुम्ही औषध सोडलंत, आणि काकूंना सांगितलंत की बरे झालात."

बाहेर काकू गाद्या झोडपत होत्या.

"पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी खोटं बोललो," काका म्हणाले. "ती इतकी हसली, बाई, की मग मागे फिरताच येईना."

६

मंगळवारी सकाळी बाई रंगताईपुढे जाऊन बसल्या. काच त्यांनी टेबलावर ठेवली. ती पाहताच रंगताईने हातातलं काम खाली ठेवलं.

"राखणदार हा शब्द काकांच्या चिठ्ठीत आहे," बाई म्हणाल्या. "डॉक्टर ब्रेक म्हणतो, मास्तर शून्य म्हणतात. राखणदार तुझा."

रंगताईने मान खाली घातली. "मी या नोकरीत आले तेव्हा मला काप काढता येत नव्हता. बाकीचे हसायचे. काकांनी यंत्राशी बसवून शिकवलं. स्वतःच्या मुलीसारखं." तिने काचेवरचा नंबर पाहिला. "ठोकळ्यावर नंबर चिकटवताना खालचं नाव दिसलं. कोणाला बोलले नाही. पण शुक्रवारी काका इथे आले, म्हणाले, माझं काय निघालं ते तुला माहीत असणार. माझ्याकडे बघून नाही म्हण. मला नाही म्हणता आलं नाही, बाई. नंबरही सांगून बसले."

"ही काच रंगवलीस त्या दिवशी काय झालं?"

"काही नाही. बारा काचा होत्या. नेहमीसारखे थेंब टाकत गेले."

"अठ्ठ्याऐंशीवर टाकलास?"

रंगताई बोलायला गेली आणि थबकली.

"तिच्यापाशी आले आणि हात थांबला," ती हळूहळू म्हणाली. "डोळे भरून आले. काचेवर पडेल म्हणून उठले, बाहेर जाऊन तोंड धुतलं. परत आले आणि..." तिने तोंडावर हात ठेवला. "परत आले आणि पुढच्या काचेपासून सुरुवात केली. बाई, मी काय केलं हे! त्यांच्याच काचेवर!"

मागे तरुण डॉक्टर उभा होता. त्याने काच उचलून स्वतः पाहिली. "रक्तवाहिन्या आधी बघायच्या, हे पहिल्या वर्षी शिकवतात," तो पुटपुटला. "मी पाहिल्याच नाहीत."

"रडून घे," बाई रंगताईला म्हणाल्या. "मग हात धू आणि त्याच ठोकळ्यातून नवा काप काढ. मी समोर बसते."

दुपारी तीनला नवी काच तयार झाली. बाई वाकल्या तेव्हा सगळे भोवती जमले होते.

"रक्तवाहिनी तपकिरी," बाई म्हणाल्या. "पांढऱ्या पेशी तपकिरी. काच बोलतेय."

मग त्यांनी मंच गाठीकडे सरकवला.

७

गाठ निळी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी, आणि तिच्या कडेकडेने चांगल्या पेशी तपकिरी.

"म्हणजे वहीत लिहिलेलं बरोबरच होतं," तरुण डॉक्टर म्हणाला. आवाजात नकळत सुटकेचा निःश्वास होता.

"नाही. तुझं उत्तर जुळलं. बरोबर आलं नव्हतं." बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

प्रमुख हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, नियमाप्रमाणे हे त्यांना सांगायचं नाही. आधीची काच वाया गेली होती, एवढंच सांगू. ते उपचाराला येतील. खोटंही होणार नाही."

"ते मला विचारतील. नियम आधीच आपल्या हातून मोडलाय. अर्धं खरं सांगून आपण त्यांना उपचारातून उठवलं. आता अर्धं खरं सांगून परत आणायचं?"

प्रमुखांनी वही मिटली. "जा," ते म्हणाले. "समितीला काय झालं ते मी लिहून देतो."

बुधवारी सकाळी बाई रंगताईला घेऊन काकांकडे गेल्या. काकांनी रंगताईकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"बोला. आहे की नाही?"

"गाठीत नाही," बाई म्हणाल्या. "पण अर्धं ऐकून उठू नका. आपल्या अभ्यासात तुमच्यासारखे एकेचाळीस जण निघाले. त्यातले निम्मे चौदा महिन्यांच्या आत गेले. निम्मे त्यानंतरही होते, काही अजून आहेत. तुम्ही कुठल्या निम्म्यात, हे काच सांगत नाही. ती घोळक्याबद्दल बोलते, एकट्या माणसाबद्दल तिला काही कळत नाही. आणि औषध घेऊ नका, असं तर ती मुळीच म्हणत नाही."

"कोणाच्या गाठीत काय नाही?"

दारात काकू उभ्या होत्या, हातात पाण्याचे पेले. मग काकांनीच सांगितलं. काच, चिठ्ठी, सुट्टी, सगळं. खाली पाहत, एका दमात.

काकूंनी पेले मेजावर ठेवले. एकही थेंब सांडला नाही.

"चार दिवस मी गल्लीभर सांगत सुटले, हे बरे झाले म्हणून," त्या म्हणाल्या.

"तुला त्रास नको म्हणून..."

"मला विचारायचं होतंत." काकूंचा आवाज चढला नाही. "थोडं जगायचं की जास्त, हे काय एकट्याचं असतं? त्यातले निम्मे दिवस माझे नाहीत?"

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आजारपणात ते पहिल्यांदाच रडत होते. रंगताई पुढे होऊन त्यांच्या पायाशी बसली.

"काका, चूक माझी..."

"तुझी नाही गं. मी विचारलं, तू खरं सांगितलंस. मीच अर्धं ऐकून पळालो." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

काकूंनी पदराने चेहरा पुसला आणि बाईंकडे वळल्या. "उद्या डोसला किती वाजता यायचं?"

८

गुरुवारी काका आले, आणि त्यानंतरचे सगळे डोस त्यांनी घेतले. काही वेळा फार हाल झाले. काकू प्रत्येक वेळी शेजारच्या खुर्चीवर होत्या.

रंगताईला समितीने वर्षभर अभ्यासाच्या कामापासून दूर ठेवलं. तिने मुकाट्याने ते सोसलं. तरुण डॉक्टरने एकशे साठही काचा पुन्हा वाचल्या, या वेळी दिवसाला दहा. त्यात आणखी दोन मुक्या काचा सापडल्या. त्या दोघांबद्दल वहीत 'नाही' लिहिलेलं होतं, आणि नव्या काचेत प्रथिन होतं. ते त्याने स्वतः लाल शाईने खोडलं आणि खाली सही केली.

काका आणखी दोन वर्षं पाच महिने जगले. त्यातलं शेवटचं वर्ष वाईट गेलं, पण त्याआधीचं जवळजवळ दीड वर्ष बरं होतं.

अभ्यासाचा अहवाल छापून आला तेव्हा काकूंनी निरोप पाठवला, यांचं त्यात कुठे आहे ते मला बघायचंय. नाव कुठेच नव्हतं. बाई अहवाल घेऊन गेल्या आणि एक आलेख उघडून दाखवला. आडव्या रेषेवर महिने, आणि प्रथिन नसलेल्या प्रत्येक माणसाचा एक ठिपका. बहुतेक ठिपके डावीकडे, एकमेकांना खेटून.

"हा," बाईंनी बोट ठेवलं.

काकूंनी चष्मा लावला. ठिपका बाकीच्यांपासून बराच उजवीकडे, मोकळ्या जागेत होता.

"त्यांना गर्दीत उभं राहायला कधी आवडलंच नाही," त्या म्हणाल्या.